लांब पिसाऱ्याचा कोंबडा

आखाड जवळ आला की बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर कोंबड्यांचे व्यापारी फिरू लागतात. फटफटीला मागे जाळीची पेटी बांधलेली असते. अंगणात उभा राहून व्यापारी एकदा नजर फिरवतो. त्याचे बोट कुणावर जाते? ज्याचा तुरा लालभडक, छाती भरलेली, शेपटीची पिसे विळ्यासारखी वळलेली, त्याच कोंबड्यावर.

"मामी, ह्यो देता का? काय घ्यायचं ते बोला."

दर ठरतो, पाय बांधले जातात, कोंबडा पेटीत जातो. मागे कोण उरते? व्यापाऱ्याने ज्याला हातही लावला नाही, तो. अंगाने किडका, तुरा फिका, शेपूट बोटभर. पुढच्या वर्षी आपल्या अंगणात जी पिले निघतील, त्या सगळ्यांचा बाप तोच.

नवसाचेही तसेच. देवाला द्यायचे तर चांगले द्यायचे, ही आपली रीत आहे. तिला आम्ही नाव ठेवत नाही. पण दर वर्षी चांगला कोंबडा जायचा आणि उरलासुरला घरी राहायचा, असे दहा वर्षे चालले तर काय होईल? पिले लहान निघतील, उशिरा वाढतील, निम्मी मरतील. मग आपण म्हणतो, "गावठी कोंबडीत आता राम राहिला नाही." कोंबडी तीच आहे. तिचा जोडीदार आपण विकला.

या धड्यात आपण बाप कसा निवडायचा ते बघू. दाखला घेऊ तो शेपटीचा. शेपूट सगळ्यांना दिसते. ती मोजायला वजनकाटा लागत नाही, आपली वीत पुरते. आणि शेपटीची गोष्ट कळली की वजनाची आणि अंड्यांची गोष्टही कळते. शिवाय खरे सांगायचे तर लांब पिसाऱ्याचा कोंबडा अंगणात शोभून दिसतो. गरिबाच्या अंगणात शोभा असू नये, असे कुठे लिहिले आहे?

आपली गावठी कोंबडी अंगाने लहान असते. जगात याहूनही लहान कोंबड्या आहेत. त्यांना बँटम म्हणतात. जावा बेटावर बांतेन नावाचे एक जुने बंदर आहे. गोरे खलाशी त्याला बँटम म्हणत. तिथून येणाऱ्या जहाजांवर लहान कोंबड्या असत, त्यावरून सगळ्याच लहान कोंबड्यांना ते नाव पडले. बँटम कोंबडी अर्ध्या किलोपासून किलोभराची असते. ती थोडे खाते, थोड्या जागेत राहते आणि खुडूक झाली की अंडी सोडत नाही. लोक ती मुख्यतः हौसेसाठी पाळतात.

लहान असो, मोठी असो, सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष एकच. तो म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत जो दिसतो तो करडा रानकोंबडा, तो वेगळा. पण त्याचेही थोडे रक्त आपल्या कोंबडीत आले आहे. कोंबडीच्या पायाचा आणि कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. (म्हणून कुणी रान धुंडाळून त्याला पकडू नका. १९७२ च्या कायद्याने त्याला पकडणे गुन्हा आहे.)

तांबड्या रानकोंबड्याची शेपूट फार तर हातभर. मग जपानात काय घडले ते बघा.

जपानात शिकोकू नावाचे बेट आहे. त्या बेटावर कोची नावाचा मुलूख आहे. तिथे ओनागादोरी नावाचा कोंबडा पाळतात. या नावाचा अर्थच लांब शेपटीचा पक्षी. त्याची शेपूट किती लांब असावी? दोन हात? चार हात? काही कोंबड्यांची शेपूट वीस-पंचवीस फूट भरली आहे. आपल्या घराच्या आढ्यावर तो बसला तर शेपूट जमिनीवर येऊन वर वेटोळे घालील. म्हणून त्याला उंच, अरुंद पेटीत वर बसवतात. शेपूट मळू नये म्हणून तिला जपतात. तिथल्या सरकारने १९५२ साली या कोंबड्याला देशाचा विशेष ठेवा म्हणून जाहीर केले. देवळाला किंवा किल्ल्याला मिळावा तसा मान एका कोंबड्याला मिळाला.

त्याच मुलखात ओहिकी म्हणून एक बुटका कोंबडाही आहे. आखूड पायांचा, लहानसा. चालताना मागे शेपूट ओढत जातो. नवरीचा पदर मागे लोळावा तसे दिसते. ओहिकी म्हणजेच शेपूट ओढणारा.

हे कुणी मंत्र घालून केले नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या एकच काम केले. ज्या कोंबड्याची शेपूट सर्वांत लांब, तो विकला नाही. तो घरी ठेवला. त्याच्या पिलांतून पुन्हा सर्वांत लांब शेपटीचा ठेवला. पुन्हा त्याच्या पिलांतून.

त्यात एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली. आपला कोंबडा वर्षातून एकदा पिसे टाकतो. शेपूटही गळते आणि नवी येते. त्यामुळे ती एका मापाच्या पुढे जात नाही. त्यांच्या कोंबड्याची शेपटीची काही पिसे गळतच नाहीत, वर्षानुवर्षे वाढत राहतात. हा गुण आपल्या कोंबड्यात नाही. तेव्हा आपल्या अंगणात वीस फुटी शेपूट होईल अशी आशा कुणी धरू नये. मुळात नसलेला गुण निवडून येत नाही. पण आपल्या कोंबड्यात जे आहे, ते निवडून वाढवता येते.

आता इथे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात. कोंबडा निवडला म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. पण पिलू काय एकट्या बापाचे असते?

म्हशीचा विचार करा. रेडा दूध देत नाही. तरी म्हैस दाखवायला नेताना आपण विचारतो, "या रेड्याची आई किती दूध देत होती?" दूध रेड्याच्या अंगात दिसत नाही, पण आईचा गुण त्याच्यात असतो आणि तो आपल्या लेकीला देतो. कोंबडीत याच्या उलट बघायचे. लांब शेपूट कोंबडीच्या अंगावर दिसत नाही. पण तिचा बाप लांब शेपटीचा असेल तर तो गुण तिच्या पोटी असतो, आणि ती आपल्या नर पिलांना देते. म्हणून तलंग निवडताना तिचा बाप आणि तिचे भाऊ बघावेत.

पण बाप ओळखायचा कसा? मोकळ्या अंगणात दहा कोंबड्या, शेजारच्यांचे चार कोंबडे. कोणते पिलू कुणाचे, हे देवालाच ठाऊक. यासाठी दोन कामे करावी लागतात.

पहिले काम कुडाचे. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या घेऊन घराच्या कडेला एक बंदिस्त जागा करा. वर जुनी जाळी टाका. त्यात निवडलेला एक कोंबडा आणि चार-पाच निवडक कोंबड्या सोडा. मोकळ्या कळपात एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या चालतात. लगेच अंडी रवणीला घेऊ नका. आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. तेव्हा तीन आठवडे निघणारी अंडी खा किंवा विका. त्यानंतरची अंडी नव्या बापाची.

दुसरे काम खुणेचे. या अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा. एका वर्षी तांबडा, दुसऱ्या वर्षी हिरवा. पाय जाड होतो तसा दोरा बदला, नाहीतर तो मांसात रुतेल. आणि तुम्ही आता लिहायला शिकला आहात, तर एक वही करा. तांबडा दोरा, रवणीला बसवल्याची तारीख, किती अंडी, किती पिले, किती जगली. पाच रकाने पुरेत. पुढच्या वर्षी तुम्हाला जे आठवणार नाही, ते वही सांगेल.

अंडी साठवण्यात आपल्या भागात फार नुकसान होते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन चाळीस अंशांवर जाते. पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात कोंबडी न बसताही जीव अर्धवट हलू लागतो आणि मग मरतो. बसवायची अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर ठेवूच नयेत. एका रुंद मडक्यात वाळू भरावी, ती ओली ठेवावी, वर गोणपाटाचा तुकडा टाकून त्यावर अंडी मांडावीत. निमुळते टोक खाली. मडके घराच्या थंड कोपऱ्यात ठेवावे. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने वरचा थर जातो आणि घाण आत शिरते.

रवण बसवायला पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. डालग्यात भुसा किंवा पाचट घालून मऊ खळगा करा. कोंबडीच्या पोटाखाली मावतील तेवढीच अंडी ठेवा. गावठी कोंबडीला दहा-बारा, अगदी लहान कोंबडीला सात-आठ. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. जवळ दाणे आणि पाणी असू द्या. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे भरले. काचेसारखे स्वच्छ दिसले तर काढून घ्या. एकविसाव्या दिवशी पिले फुटतात. लहान जातीत एखादा दिवस आधीच.

पहिला महिना कठीण. वर घार, खाली मुंगूस आणि मांजर. उसाच्या फडाजवळ घर असेल तर मुंगसाचा त्रास जास्तच. पिले डालग्याखाली झाका. ज्वारी-बाजरीच्या बारीक कण्या द्या, मधूनमधून वाळवीचे ढेकूळ फोडून टाका. पीस हे मांसासारखेच घट्ट अन्नातून तयार होते. नुसत्या कण्यांवर वाढलेल्या कोंबड्याची शेपूट बारीक राहते आणि मोडते. पाण्याची ताटली उथळ ठेवा, तीत खडे टाका, म्हणजे पिलू बुडणार नाही.

आता निवड. दिवाळीच्या सुमाराला निघालेले पिलू आखाडात आठ महिन्यांचे होते. शेपटीची वळलेली मोठी पिसे तेव्हा कुठे भरू लागतात. आणि नेमका तेव्हाच व्यापारी दारात येतो! म्हणून निवड आधीच करून ठेवावी लागते. पाच महिन्यांचे झाले की नर वेगळे बघा. त्यातले दोन किंवा तीन राखून ठेवा. एकच राखू नका. एकाला कुत्रे नेते, मग हात चोळत बसावे लागते. बाकीचे खुशाल विका.

बघताना नुसती शेपूट बघू नका. पाय सरळ हवेत, डोळा टवटवीत हवा, छातीचे हाड वाकडे नसावे. दाणे टाकल्यावर जो पुढे येतो, तो घ्या. एकाच गुणामागे लागण्याचा तोटा कसा होतो, याचा दाखलाही जपानातूनच मिळतो. तिथे चाबो नावाची फार आखूड पायांची बँटम कोंबडी आहे. दिसायला गोजिरवाणी. पण तशा आखूड पायांचे नर-मादी एकत्र लावले की भरलेल्या अंड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा पिले कवचातच मरतात. आखूड पायांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला की पिलू जगत नाही. शोभेची अशी किंमत द्यावी लागते.

आणखी एक मोठी अडचण आहे. लांब शेपटीचा एक कोंबडा मिळाला, त्याच्याच लेकी त्यालाच लावल्या, मग नातीही त्यालाच लावल्या, असे पुष्कळजण करतात. आपण सोयरीक करताना कूळ बघतो, जवळचे रक्त टाळतो. अंगणात मात्र बघत नाही. जवळच्या रक्तात अंडी भरत नाहीत, पिले अशक्त निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. शेपूट लांब होईल, पण तिला वागवणारा कोंबडा राहणार नाही. म्हणून वर्ष-दीड वर्षाने कोंबडा बदला. विकत घेण्याचीही गरज नाही. दुसऱ्या गावच्या पाहुण्यांशी अदलाबदल करा. तुम्ही तुमचा चांगला द्या, त्यांचा चांगला घ्या. सुपे-मोरगावच्या जिरायती भागातली मेंढपाळ मंडळी घोड्यावर बिऱ्हाड लादून फिरतात, त्या बिऱ्हाडावर कोंबड्याही बसलेल्या असतात. मुलूख हिंडलेले ते कोंबडे दमदार असतात, आम्हाला ते आवडतात. मात्र बाहेरून आलेला कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. त्याच्याबरोबर रोग येऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, सरकारी गिरिराज किंवा वनराज कोंबड्या आणल्या तर? गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्राने. दोन्ही अंड्याला आणि वजनाला गावठीपेक्षा सरस आहेत. अंडी विकायची असतील तर जरूर आणा. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. आणि त्या संकरातून केल्या असल्यामुळे त्यांची पिले हुबेहूब त्यांच्यासारखी निघत नाहीत. पुन्हा पिले विकत आणावी लागतात. घरचे वाण राखायचे असेल तर गावठीच बरी. माळेगाव खुर्दच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन विचारून घ्या.

शेपूट जपायची तर कोरडी जागा हवी. कोंबड्याला बसायला दांडी उंच बांधा. जमिनीपासून तीन-चार हात आणि भिंतीपासून हातभर दूर. दांडी भिंतीला लागून असेल तर पिसे घासून तुटतात. पावसात चिखलाच्या दिवशी त्याला कुडातच ठेवा. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती मिसळून टाका. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा कमी होतात. खुराड्याच्या भेगांत गोचीड लपते, ती रात्री बाहेर येऊन रक्त पिते. भेगा लिंपून चुना द्या. भादव्या-अश्विनात शेपूट गळू लागली तर घाबरू नका, औषधाला पैसे घालू नका. त्या दिवसांत खाणे मात्र चांगले द्या.

पण ही सगळी मेहनत एका आठवड्यात मातीला मिळू शकते. तो रोग म्हणजे मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत राणीखेत नावाचे गाव आहे, तिथे १९२७ साली आपल्या देशात तो ओळखला गेला, म्हणून हे नाव. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवे हगते, मान पिळवटते. एकदा लागला की औषध नाही. आधी लस दिली तरच बचाव. पाच ते सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, महिन्याने पुन्हा एक थेंब, आणि आठ आठवड्यांचे झाले की सुई.

मग लोक लस का देत नाहीत? कारण बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची लस असते. एका घरात असतात आठ. बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि ती बर्फातूनच आणावी लागते. एकट्यादुकट्याला हे परवडत नाही. म्हणून वस्तीने ठरवावे. दहा-बारा घरांनी थोडे थोडे पैसे काढावे. रात्री कोंबड्या झाकून ठेवाव्या. एकाने दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणावी. ऊन चढण्यापूर्वी घरोघर फिरून काम उरकावे. आजारी कोंबडीला लस देऊ नये. एका घराने आळस केला तर रोग तिथे शिरतो आणि बाकीच्यांच्या दारातही हिंडतो.

कालव्याच्या पट्ट्यात डास फार. नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या वस्त्यांवर कोंबड्यांना देवी येतात, तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. डासांमुळे त्या पसरतात. त्याचीही लस मिळते. इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावकडे उजनीच्या पाण्यावर दर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. ते बघायला जरूर जा, पण कोंबड्यांना त्या पाण्यावर सोडू नका. रानबदकांकडून पाळीव पक्ष्यांना बर्ड फ्लू होऊ शकतो. आपल्या देशात तो पहिल्यांदा आढळला २००६ साली, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका, बाजारात नेऊ नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

शेवटी पैशाची गोष्ट. पुण्या-मुंबईकडे हौशी लोक शोभेच्या कोंबड्या घेतात. सुंदर कोंबड्याला चांगला दर मिळतोही. पण त्या दरावर संसार उभा करू नका. हौस आहे तोवर गिऱ्हाईक आहे. २०१९ साली सांगलीकडे काळ्या कडकनाथ कोंबडीच्या योजनेत कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कोंबडी वाईट नव्हती. "पिले आमच्याकडून घ्या, कोंबड्या आम्हीच परत घेऊ" या बोलण्यावर लोकांनी कर्ज काढले होते. तुमच्या कोंबड्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तरी त्याच्या लेकी अंडी देतील आणि पिले वाढवतील, एवढा हिशोब आधी जुळवून घ्या.

आणि यंदा आखाडात व्यापारी दारात आला, तर राखलेल्या दोन-तीन कोंबड्यांना आदल्या दिवशीच घरात डालग्याखाली झाकून ठेवा. दिसला की तो मागणार, आणि चांगला दर ऐकला की आपले मन डळमळते.